मध्यरात्रीची घंटा

नाव सांगून झालं की आपल्याकडे पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मूळ गाव कुठलं?" माझ्याकडे त्याला एका शब्दाचं उत्तर नाही. वडील रेल्वेत गार्ड होते. इगतपुरी, भुसावळ, मनमाड, दौंड, मिरज अशा रेल्वेच्या गावांतून आमचं बिऱ्हाड हलत राहिलं. आजोबांच्या गावची जमीन माझ्या जन्माआधीच विकली गेली होती आणि घराचं नुसतं जोतं उरलं होतं. त्यामुळे कुणी गाव विचारलं की मी ही सगळी नावं सांगते. त्यातलं एकही गाळावं असं मला वाटत नाही.

क्वार्टर्स सगळीकडे सारखीच. पुढे व्हरांडा, दोन खोल्या, मागे अंगण, अंगणाच्या टोकाला न्हाणी. कपाट कुठल्या भिंतीला लागेल हे आईला नवं घर बघण्याआधीच माहीत असायचं. दाराबाहेरचं जग मात्र दर वेळी वेगळं. इगतपुरीत पावसाळ्यात कपडे वाळत नसत. शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर माझा शाळेचा फ्रॉक वाळत टाकलेला असे, आणि वर्गात बसलं तरी त्याला कोळशाचा वास येत राही. रात्री कसाऱ्याकडून घाट चढून येणाऱ्या गाडीला मागून रेटणाऱ्या बँकर इंजिनांचा आवाज ऐकत आम्ही झोपायचो. भुसावळच्या उन्हाळ्यात अख्खी कॉलनी अंगणात पाणी शिंपडून बाजा टाकायची. मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या उरुसात चिंचेच्या झाडाखाली गाणं चालायचं, तिथे मी वडिलांच्या मांडीवर झोपी गेले आहे. आजही तानपुरा जुळवताना ऐकला की मला मिरज आठवतं, आणि ते आठवणं घर आठवण्यासारखंच असतं.

नव्या जागी पहिल्या संध्याकाळी आई देव कोनाड्यात मांडायची, मुगाची खिचडी टाकायची, आणि मग दाराशी येऊन उभी राहायची. फार वेळ लागत नसे. शेजारून कुणीतरी भाजीची वाटी घेऊन यायचंच. ती वाटी रिकामी परत करायची नाही हा आईचा नियम. सामान सुटलेलं नसेल तर चिमूटभर साखर घालून, पण काहीतरी घालूनच ती परत जायची. महिनाभरात आमच्या फडताळात परक्या वाट्या आणि त्यांच्याकडे आमच्या, असा घोळ झाला की आई म्हणायची, "आता बस्तान बसलं."

माझी प्रवासाची ओढ तिथून आली. डोंगर, समुद्र, जुनी देवळं मला आवडतात, पण त्यांच्यासाठी मी घरातून निघत नाही. मी निघते ती पोचण्यासाठी. अनोळखी गावात संध्याकाळी उतरायचं, कुणाच्या तरी ओसरीवर पिशवी टेकवायची, आणि आपण येणार म्हणून कुणीतरी डाळीत पाणी वाढवलेलं आहे हे कळायचं, या क्षणाची मला अजून तहान आहे. हे सुख आयतं मिळत नाही. कुणीतरी आधी ती जागा राखलेली असते. गेली कित्येक वर्षं मी या राखणाऱ्यांचाच माग काढत फिरते आहे.

त्यातलं पहिलं घर आमच्या कॉलनीतच होतं. शेजारच्या क्वार्टरमध्ये एक बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारं ज्यू कुटुंब राहायचं. रेल्वे, टपाल आणि लष्करात तेव्हा या समाजाची माणसं बरीच असत. काकू नऊवारीतून नुकत्याच सहावारीत आलेल्या, हातात हिरव्या बांगड्या, गळ्यात मंगळसूत्र, बोलणं अलिबागच्या बाजूचं. शुक्रवारी संध्याकाळी त्या दिवा लावायच्या आणि शनिवारी त्यांची चूल पेटत नसे. आई त्या दिवशी त्यांच्या धाकट्यासाठी आमच्याकडे दूध तापवून ठेवायची. घरात काही शुभ घडलं की त्यांच्याकडे मलिदा व्हायचा: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, भोवती फळं मांडलेली, आणि त्यावर एलियाहू हनावी या प्रेषिताच्या नावानं प्रार्थना. पोह्यांचा तो गोड घास कॉलनीतल्या प्रत्येक घरी जायचा.

त्यांच्या पूर्वजांची कहाणी मी त्यांच्याच तोंडून ऐकली. फार जुन्या काळी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. पोथ्या बुडाल्या, सामान बुडालं. किनाऱ्यावरच्या गावांनी त्यांना ठेवून घेतलं. ही माणसं तेलाचा घाणा चालवू लागली, शनिवारी घाणा बंद ठेवायची म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. पेणचे पेणकर झाले, दिवे गावचे दिवेकर झाले. किती पिढ्या गेल्या याचा हिशेब कुणाकडे नाही, पण त्या सगळ्या काळात त्यांना कुणी तुमचा देव सोडा म्हटलं नाही, आणि त्यांनीही आजूबाजूची भाषा, साडी, नारळ, हळद असं आपलं केलं की पाहणाऱ्याला फरक कळू नये. मुंबईत त्यांचं पहिलं प्रार्थनास्थळ १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधलं. आपल्या कोकणाच्या इतिहासातलं हे पान मला किल्ल्यांइतकंच मोलाचं वाटतं, आणि शाळेत ते आम्हांला कुणी शिकवलं नाही याची खंतही वाटते.

पुढे काकूंचं कुटुंब इस्रायलला गेलं. १९४८ नंतर त्यांच्यातले बहुतेक हळूहळू गेलेच. तिथे तरी सगळं सोपं कुठे होतं? त्यांच्या ज्यू असण्यावरच तिथल्या धर्मपीठानं शंका घेतली, विवाहांत अडथळे आले, त्यांना आंदोलन करावं लागलं. १९६४ साली तिथल्या सरकारनं ते सर्व बाबतींत बरोबरीचे ज्यू आहेत असं स्पष्ट केलं. दिमोना, रामला, लोद, अश्दोद अशा गावांत त्यांनी घरं मांडली, तिथून मायबोली नावाचं मराठी नियतकालिक काढलं, आणि मलिदा तिथेही चालू ठेवला. काकूंची पत्रं आईला बरीच वर्षं येत होती. एका पत्रात त्यांनी लिहिलं होतं की इथे आमच्या शेजारी मोरोक्कोची बाई आहे, तिला मी पोहे शिकवले. आईनं ते पत्र मला मोठ्यानं वाचायला लावलं होतं.

नवगावला मी पुष्कळ उशिरा गेले. अलिबागमध्ये इस्रायल आळी आहे, तिथे त्यांचं प्रार्थनास्थळ उभं आहे. नवगावच्या किनाऱ्याजवळ त्या बुडालेल्या माणसांची म्हणून मानलेली जुनी दफनभूमी आहे. दुपारची वेळ होती. एका घरात पाणी मागितलं तर आजीबाईंनी पाण्याबरोबर गूळ दिला आणि विचारलं, "त्यांच्यातल्या का तुम्ही? बघायला येतात ना, परदेशातनं." मी नाही म्हटलं. "असू दे," त्या म्हणाल्या, "बसा सावलीला." ज्या किनाऱ्यानं तेव्हा चौदा माणसं ठेवून घेतली, त्याची सवय अजून मोडलेली नाही, एवढं मला त्या ओसरीवर बसून कळलं.

याच्या उलट्या दिशेनं गेलेली माणसं मला तंजावरात भेटली. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी राजे यांनी १६७६च्या सुमारास तिथे आपलं राज्य बसवलं आणि भोसल्यांची ती गादी १८५५पर्यंत टिकली. जवळजवळ १८० वर्षं कावेरीच्या खोऱ्यात मराठी राजे होते. त्यांच्याबरोबर कारकून गेले, शिलेदार गेले, पुराणिक, वैद्य, आचारी गेले. राज्य गेल्यावरही ती घरं परत आली नाहीत. येणार तरी कुठे? त्यांचं घर तेच झालं होतं.

राजवाड्याजवळच्या एका जुन्या घरात माझी उतरण्याची सोय ओळखीच्या ओळखीतून झाली. दारात आजोबा उभे होते, वेष्टी नेसलेले, कपाळाला गंध. ते मराठीत बोलू लागले आणि पहिली दोन वाक्यं मला तमिळच वाटली. चाल पूर्ण तमिळ, शब्द मात्र कुठल्यातरी जुन्या बखरीतून उठून आल्यासारखे. माझी मराठी त्यांना भराभर आणि हिंदीनं भरलेली वाटत होती. ते मला हळू बोलायला सांगत होते आणि मी त्यांना. अर्ध्या तासात आम्ही दोघं एकमेकांच्या वेगाला आलो.

दुपारी पानावर डांगर पचडी आली, उडदाच्या भाजलेल्या पिठाची, दह्यात कालवलेली, वरून मोहरी-हिंगाची फोडणी. माझी आई डांगर कच्चा कांदा घालून करायची. इथे कांदा नव्हता, कढीपत्ता होता, आणि पहिल्या घासाला मला आईच्या हातची आठवण आली. पोळी होती, तिच्याशेजारी भात होता, भातावर चिंचेचं सढळ सार होतं, आणि जेवण झाल्यावर पितळी डबरा-टंबलरमधून कॉफी. आजी म्हणाल्या की त्यांच्याकडे लग्नात कुलाचार मराठी आणि जेवण तमिळ, "आणि दोन्हीपैकी एक जरी नसलं तरी लग्न लागल्यासारखं वाटत नाही." बाहेर राहिलेल्या मराठी माणसांनी आपलं जुनं जसंच्या तसं जपलं, असं आपण कौतुकानं म्हणतो. मी जे पाहिलं ते मला त्याहून मोठं वाटलं. त्यांनी काय सोडायचं हे समजून सोडलं होतं. कांदा सोडला, डांगर ठेवलं. मोडी सोडली, खंडोबा ठेवला. माणूस परक्या मुलखात रुजतो तो अशा निवडीनं, आणि ही निवड बहुधा स्वयंपाकघरात, बायकांच्या हातून होते. इतिहासात तिची नोंद सापडत नाही म्हणून ती मी इथे करते आहे.

बृहदीश्वराच्या देवळात मी दोन संध्याकाळी गेले. राजराज चोळाचं ते प्रचंड मंदिर, आणि त्याच्या आवारातल्या भिंतीवर देवनागरीत कोरलेला भोसले घराण्याचा इतिहास, १८०३ सालचा. ओळीमागून ओळी, दगडात. फिरायला आलेली एक तमिळ मुलगी मला इंग्रजीत म्हणाली, "तुम्हांला हे वाचता येतं?" मी तिला चार ओळी वाचून दाखवल्या आणि तिनं मला पलीकडचा चोळांचा तमिळ लेख अडखळत वाचून दाखवला. दोघींनाही अर्थ पुरता लागला नाही. दोघींनाही त्या आवारातून निघवत नव्हतं.

तो लेख कोरवणारे सरफोजी राजे दुसरे. त्यांचं सरस्वती महाल ग्रंथालय सगळ्यांना ठाऊक असतं. मला त्यांच्याकडे ओढून नेलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. १७९९च्या तहानं तंजावरचा कारभार इंग्रजांच्या कंपनीकडे गेला, राजांकडे किल्ला आणि थोडा परिसर उरला. रामेश्वराच्या वाटेवर त्यांच्या पूर्वजांनी बांधलेली छत्रं होती, म्हणजे वाटसरूंना मुक्काम आणि जेवण देणारी अन्नछत्रं. ती आता कंपनीच्या मुलखात गेली. १८०१ साली सरफोजींनी इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहून ही छत्रं आमच्या हाती राहू द्या, अशी विनंती केली. आणि त्या पत्रात तिथे काय चालतं ते बारकाईनं लिहिलं. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत येईल त्याला अन्न मिळतं. आजारी वाटसरूला वैद्य आणि औषध मिळतं. वाटेत बाळंत होणाऱ्या बाईची सोय होते आणि नंतरही तिला राहता येतं. परक्याची पोरकी झालेली मुलं पंतोजींच्या हवाली केली जातात, त्यांना खाऊपिऊ आणि न्हाऊमाखू घातलं जातं. वाटेत कुणी मेलं तर त्याच्या धर्माप्रमाणे त्याची क्रिया होते. आणि मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा करतात, की ज्यांचं जेवायचं राहिलं असेल त्यांनी यावं, भात ठेवलेला आहे.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. राज्य हातचं गेलेला विशीतला राजा (सरफोजींचा जन्म १७७७चा) परकीय अधिकाऱ्याला सांगतो आहे की माझं जे गेलं ते गेलं, पण रात्री उशिरा पोचलेल्या माणसाचा भात जाऊ देऊ नका. पुढे १८२०च्या सुमारास ते स्वतः मोठा लवाजमा घेऊन काशीयात्रेला गेले, तिथून हस्तलिखितं गोळा करून आणली. छत्र बांधणारा माणूस स्वतः वाटसरू झाला. मुक्तांबाळ या आपल्या प्रिय सहचारिणीच्या नावानं त्यांनी ओरतनाडूला बांधलेलं छत्र मी बघून आले. जुन्या लाकडाचा आणि दगडाचा वास, खांबांच्या रांगा, मध्ये उघडा चौक. जिथे पंगती बसत असतील तिथे मी पाय दुमडून बसले. माझ्याबरोबर आलेल्या रिक्षावाल्यानं मला न विचारताच शेजारच्या टपरीवरून दोन चहा आणले आणि पैसे घेतले नाहीत.

अहिल्याबाईंचंही मला असंच वाटतं. काशी विश्वनाथाचं देऊळ त्यांनी १७८० साली बांधलं हे आपण अभिमानानं सांगतो, पण महेश्वरात बसून त्यांनी देशभर ज्या धर्मशाळा, विहिरी आणि घाट बांधले, त्यांच्याविषयी थोडं अधिक बोलायला हवं. देवळात माणूस घटकाभर थांबतो. धर्मशाळेत तो पाठ टेकतो, ओले कपडे वाळत घालतो, शेजारच्या यात्रेकरूकडून मीठ मागून घेतो. आज यात्रेच्या ठिकाणी हॉटेलांवर हॉटेलं उठत आहेत. पैसे देऊन राहण्यात वाईट काही नाही, मीही राहते. फक्त रात्री अकराला पोचलेल्या म्हाताऱ्या जोडप्याला काउंटरवरून "फुल्ल आहे" ऐकून फुटपाथवर बसलेलं मी पाहिलं आहे, आणि त्या वेळी मला ती घंटा आठवली.

बडोद्याचं थोडक्यात सांगते, कारण तिथे मी पाहुणी नव्हतीच. लग्नानंतर काही वर्षं आम्ही रावपुऱ्याजवळ राहिलो. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा मुलगा १८७५ साली या गादीवर बसला आणि सयाजीराव झाला. १९०६ साली त्यांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, गावोगाव वाचनालयं काढली, आणि जिथे वाचनालय पोचत नव्हतं तिथे पेट्यांतून फिरती पुस्तकं पाठवली. मला तिथलं पहिलं आपलेपण सेव-उसळीच्या गाडीवर मिळालं. तर्रीची झणझणीत उसळ आपली, वरची मूठभर शेव गुजराती, आणि त्यातून जे झालं ते पूर्णपणे बडोद्याचं. समोरच्या गुजराती बेन माझ्या डोहाळजेवणाला आल्या आणि गरबा घालून गेल्या. माझी मुलगी तिथे जन्मली. तिला गाव विचारलं की ती बेधडक बडोदा सांगते.

अलीकडे माझ्या प्रवासाला आषाढाची वाट सापडली आहे. माउलींच्या पालखीबरोबर मी जमेल तेवढे टप्पे चालते. पुण्याहून दिवे घाट चढून सासवड, मग जेजुरी, वाल्हे, लोणंद. या वाटेवरच्या गावांची एक गोष्ट बाहेरच्यांना लवकर दिसत नाही. कुठली दिंडी कुठल्या घरी उतरायची हे पिढ्यांपिढ्या ठरलेलं असतं. आजोबांच्या वेळी जी दिंडी अंगणात उतरायची तीच नातवाच्या वेळी उतरते. घर नव्यानं बांधलं तरी अंगण सोडतात, कारण आषाढात राहुट्या कुठे लागणार? घरच्यांना वारीला जाता येत नाही. एवढ्या माणसांचं पाणी, पिठलं, भाकरी कोण बघणार? त्यांची वारी त्यांच्या दारातच होते.

सासवडला पालखीचा मुक्काम दोन रात्री. आमची दिंडी तिथे एका वहिनींकडे असते. गेल्या वर्षी पहिल्या रात्री पाऊस कोसळला, राहुटीत पाणी शिरलं, आणि वहिनींनी घरातलं सामान भिंतीला सरकवून बायकांना आत घेतलं. स्वयंपाकघरात, देवघरासमोर, जिन्याखाली, जिथे जागा मिळेल तिथे आम्ही पडलो. पहाटे चारला उठून पाहते तो वहिनी चुलीपुढे, परातीत पिठाचा डोंगर, आणि सोबतीला त्यांची सून एकटी. मी हात धुऊन शेजारी बसले. माझ्या पहिल्या भाकरीकडे त्यांनी निरखून पाहिलं.

"कडेला जरा पातळ करा," त्या म्हणाल्या. "आणि पुढल्या साली पालखीबरोबर नका येऊ, आदल्या दिवशी या. लाकडं आणायची असतात, मंडप बांधायचा असतो. मला माणूस लागतं."

"येते," मी म्हटलं.

"नुसतं येते नको. आमच्याकडची दोन मोठी पातेली गेल्या खेपेला कुणीतरी नेलीत, ती परत आली नाहीत. येताना दोन घेऊन या, झाकणासकट. आणि उरली तर इथंच ठेवून जा, दर साली लागतीलच."

पातेली मी घेतली आहेत, जर्मनची, भरपूर मोठी.